चाचणी आणि कामगिरीचा सहसंबंध फक्त ०.१८?

प्रश्न: एमए औद्योगिक मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी ६० कर्मचाऱ्यांचे भरती-चाचणीचे गुण आणि साहेबांनी केलेलं मूल्यांकन घेतलंय. सहसंबंध (दोन्ही गुण किती जोडीने वर-खाली होतात याचं माप; ० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.१८ आला. चाचणी कुचकामी म्हणायची का?

उत्तर १: घाई नको! नापास झालेले उमेदवार नमुन्यात नाहीतच. गुणांचा पल्ला आखडला की सहसंबंध घसरतो. ही घसरण हिशेबाने दुरुस्त करता येते. त्यासाठी सगळ्या अर्जदारांच्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) एचआरकडून मागवा, त्याशिवाय ही दुरुस्ती जमणार नाही.

उत्तर २: मूल्यांकनातल्या चुकांमुळेही सहसंबंध कमी दिसतो. एकाच साहेबाच्या मूल्यांकनाची विश्वसनीयता (मोजमाप किती भरवशाचं, ० ते १) साधारण ०.५२ धरतात. ०.१८ भागिले तिचं वर्गमूळ ०.७२, म्हणजे ०.२५. चाचणीच्या विश्वसनीयतेने मात्र भागू नका. भरतीत तीच चाचणी चुकांसकट वापरली जाते.

उत्तर ३: नमुना फार लहान आहे. ६० जणांवर ०.१८ चं ९५ टक्के विश्वासांतर (खरा सहसंबंध ज्या पट्ट्यात असू शकतो तो) उणे ०.०८ ते ०.४१. हेही प्रबंधात लिहाच.