फाईलच्या तारखा : ‘बदल’ एक की दोन?

प्रश्न : संगणक वापराची मराठी पुस्तिका लिहिते आहे. विंडोजमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीज उघडल्या की क्रिएटेड, मॉडिफाइड, ॲक्सेस्ड अशा तीन तारखा दिसतात. त्यांना मी ‘निर्मिती’, ‘बदल’, ‘वापर’ असे शब्द योजले. लिनक्सवर ‘स्टॅट’ आज्ञा दिली तर मॉडिफाय आणि चेंज या दोन वेगळ्या वेळा निघाल्या. मराठीत दोन्ही बदलच ना? शिवाय एका फाईलची बदलाची तारीख निर्मितीच्याही आधीची आहे. हे कसं लिहायचं?

प्रतिसाद : वेळा बरोबर आहेत, अडतंय ते शब्दांपाशी. लिनक्ससारख्या युनिक्स कुळातल्या प्रणाली फाईलचा मजकूर आणि फाईलविषयीची माहिती वेगळी ठेवतात. मालक कोण, परवानग्या कोणत्या, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळं ‘आयनोड’ नावाच्या नोंदीत असतं. मॉडिफाय, म्हणजे एमटाइम, मजकूर शेवटचा कधी बदलला ते सांगतो. चेंज, म्हणजे सीटाइम, ही नोंद कधी बदलली ते सांगतो. ‘सीएचमॉड’ने परवानगी बदला : एमटाइम जुनाच राहील, सीटाइम पुढे सरकेल. मजकूर बदललात तर दोन्ही सरकतील, कारण एमटाइमसुद्धा आयनोडमध्येच लिहिलेला असतो. सीटाइममधला ‘सी’ क्रिएशनचा, हा समज फार पसरलेला आहे. तो कृपा करून पुस्तिकेत येऊ देऊ नका.

मला इथे ‘फेरफार’ शब्द सुचतो. वारस लागला की जमिनीच्या नोंदवहीत, गाव नमुना 6 मध्ये, फेरफार पडतो. शेत जागच्या जागी असतं, बदलतो तो कागद. सीटाइम अगदी हेच टिपतो.

दुसरा प्रतिसाद : सातबाऱ्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे पटकन कळेल. पण शहरातल्या वाचकाला ‘कागदपत्रांत फेरफार’ म्हटलं की लबाडीच आठवणार. आणि तो अर्थ इथे नेमका उलटा पडतो. ‘टच’ आज्ञेने एमटाइम हवा तितका मागे नेता येतो. सीटाइमला तशी सोय नाही; उलट टच चालवल्याबरोबर त्यात त्या क्षणाची वेळ पडते. (प्रणालीचं घड्याळच मागे नेलं तर गोष्ट वेगळी.) म्हणून तपास करणारे सीटाइम आवर्जून पाहतात. लबाडी उघडी पाडणाऱ्या वेळेला ‘फेरफार’ म्हणायचं? ‘मजकूरबदल’ आणि ‘नोंदबदल’ अशी जोडी करा.

पहिला प्रतिसाद : मान्य. ही जोडी माझ्या शब्दापेक्षा सरस आहे. फेरफाराचा दाखला समजावण्यापुरता ठेवावा.

आता ‘निर्मिती’. विंडोजमध्ये फाईलची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये केली की त्या प्रतीला क्रिएटेड तारीख आजची मिळते, मॉडिफाइड मात्र मूळ फाईलची राहते. तुमच्या फाईलचं बहुधा हेच झालं असावं. ‘निर्मिती’ वाचून लेखन तेव्हा झालं असं वाटतं. ‘ही प्रत तयार झाली’ असं सरळ लिहा.

‘वापर’ तर मला अजिबात नको. फाईल नुसती वाचली तरी वेळ लिहायला डिस्कवर जावं लागतं, म्हणून प्रणालींनी ही नोंद सैल केली. लिनक्समध्ये 2009 पासून, 2.6.30 आवृत्तीपासून, ‘रेलॲटाइम’ ही नेहमीची पद्धत आहे : आधीची वाचनवेळ बदलाच्या वेळेपेक्षा जुनी असेल, किंवा तिला 24 तास उलटले असतील, तरच नवी लिहायची. विंडोज व्हिस्टाने ही नोंद मुळातच बंद ठेवली होती. फॅट या फाईल-साठवणीच्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर वाचनाचा फक्त दिवस राहतो, घटका नाही. ‘शेवटचा वापर’ असं छापलंत तर वाचक त्यावरून कोणी फाईल उघडली याचा निवाडा करेल, आणि एखाद्या निरपराध माणसावर आळ येईल. ‘वाचन-नोंद’ लिहा आणि खाली टीप द्या, की ही नोंद प्रत्येक वाचनाला होतेच असं नाही.

प्रश्नकर्ती : ‘मजकूरबदल’, ‘नोंदबदल’, ‘प्रत तयार’, ‘वाचन-नोंद’ असं घेते. टीप त्याच पानावर टाकते, परिशिष्टात नको.