"मी एवढे घातलेत" ही कॅम्परची किंमत नसते

मुक्कामपोस्ट_बोल्डर:
काल इथे एकाने पोस्ट टाकली. २०१४ चा हार्डसाइड ट्रक कॅम्पर (पिकअप ट्रकच्या मागे चढवायची, टणक भिंतींची राहायची खोली), नवा घेतला २७ हजार डॉलरला, वर सोलर, लिथियम बॅटरी आणि नव्या गाद्यांवर सात हजार घातले, म्हणून आता २६,५०० फर्म (एक पैसा कमी नाही), हाफ-टनवर (हलक्या पिकअपवर) आरामात बसतो, लोबॉल करणाऱ्यांनी (फारच कमी भाव सांगणाऱ्यांनी) मेसेज करू नये. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, तुम्ही किती घातले त्याच्याशी घेणाऱ्याचं काय देणंघेणं? तुमची हौस होती, तुम्ही ती भागवली, छानच. लिथियमचे पैसे तुम्ही वापरून वसूल केलेत, आता तेच माझ्याकडून परत कशाला मागता? किंमत ठरवायची तर आधी जे.डी. पॉवरवर (वापरलेल्या गाड्यांच्या भावांचा तक्ता, आपल्यातले बरेच अजून नाडाच म्हणतात) लो रिटेल आणि अ‍ॅव्हरेज रिटेल, म्हणजे कमीत कमी आणि सरासरी विक्रीभाव, बघा, मग तुमच्या भागात खरोखर विकले गेलेले कॅम्पर शोधा. विकले गेलेले! जो एप्रिलपासून जाहिरातीत पडून आहे आणि कोणी हातही लावत नाही, त्याचा आकडा 'मार्केट रेट' म्हणून नाचवू नका.

आणि सगळ्यात आधी पाणी. कॅबओव्हरमधली (ट्रकच्या टपावर येणाऱ्या भागातली) गादी उचला, पुढच्या पिवळ्या मार्कर लाइट्सच्या मागे जो कोपरा येतो तिथे अंगठ्याने जोरात दाबा. तिथेच गळतं, कारण त्या लाइट्सच्या आणि कोपऱ्याच्या पट्टीच्या खालची ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) सुकते आणि दर पावसात थोडं थोडं आत मुरतं. अंगठा आत रुतला, स्क्रूची डोकी गंजलेली दिसली, बाहेरचा पत्रा फुगलेला दिसला, तर लाकडी सांगाडा आतून कुजलेला असू शकतो आणि मग तुमच्या सोलरला काय चाटायचंय? कोरडा असेल तर १६-१८ हजार रास्त.

सिएरा_भटक्या:
ती पोस्ट माझी. आधी विचारायचं तरी होतं की गळतो का. नाही गळत. दर वर्षी छतावर चढून प्रत्येक व्हेंटभोवतीचं सीलंट बघतो, जिथे भेग दिसेल तिथे खरवडून नवीन भरतो, हिवाळ्यात शेडखाली ठेवतो. ह्या मेहनतीला काहीच भाव नाही? तुमच्या हिशोबाने उन्हापावसात टाकून दिलेला आणि माझा, दोन्ही एकाच तक्त्यात. १६ हजारात देण्यापेक्षा अंगणात उभा ठेवीन.

रेनोची_ताई:
दादा, मेहनतीला भाव आहे, पण तो दाखवायला लागतो. आम्ही आमचा घेतला तेव्हा मालकिणीने दर वर्षीचे छताचे फोटो काढून ठेवले होते, फ्रिज प्रोपेनवर आदल्या रात्रीपासून चालू ठेवला होता, चारही जॅक (कॅम्पर उचलून धरणारे पाय) आमच्यासमोर वरखाली करून दाखवले. आम्ही घासाघीस न करता मागितले तेवढे दिले. तुमच्या जाहिरातीत सूर्यास्ताचे फोटो आणि छताचा एकही नाही. आणि 'लोबॉल करू नका' लिहिलं की चांगला गिऱ्हाईकसुद्धा मेसेज करत नाही.

डीलरग्रस्त:
ह्या सगळ्याचं मूळ कोविड आहे. २०२१ मध्ये आरव्हीवाल्यांनी (कॅम्पर आणि राहायच्या गाड्या बनवणाऱ्यांनी) ६ लाख युनिट्स डीलरांकडे पाठवली, २०२३ मध्ये ३ लाख १३ हजारांवर आले, आणि लोकांच्या डोक्यात अजून २०२१ चेच भाव बसलेत. माझ्याकडून डीलरने तेव्हा छापील किमतीच्या वर 'प्रेप फी' (तयार करून द्यायचे) म्हणून पैसे घेतले आणि कॅम्पर ताब्यात घेतला तर ग्रे टँकचा (सांडपाण्याच्या टाकीचा) व्हॉल्व्हच गळत होता. तीन महिने त्यांच्या यार्डात पडून. डीलरकडून घेऊच नका कोणी.

मुक्कामपोस्ट_बोल्डर:
डीलरचा वेगळा धागा काढा राव, इथे नको.
भटक्या, फोटो असतील तर टाका, मी आकडा बदलेन. पण हाफ-टनवर आरामात ही ओळ आज काढा. कंपनीच्या कागदावर तुमच्या मॉडेलचं ड्राय वेट (रिकामं वजन) २,१०० पौंड आहे. ३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड, दोन प्रोपेन सिलिंडर, बॅटऱ्या, ऑनिंग (बाहेरचं कापडी छप्पर), एसी, माणसं, कुत्रा, किराणा. तीन हजाराच्या आसपास गेलात. बऱ्याच हाफ-टनच्या दारावरचा स्टिकर पेलायच्या वजनाची मर्यादा दीड हजार ते अठराशे पौंड सांगतो.

सिएरा_भटक्या:
मी स्वतः माझ्या हाफ-टनवर मोआबला नेलाय, मागच्या स्प्रिंगांना आधार द्यायला एअरबॅग्ज (हवेचे फुगे) टाकल्यात, गाडी एकदम सरळ उभी राहते. काही झालं नाही.

आय७०_वाला:
अहो सरळ उभी राहते म्हणजे काय? एअरबॅगने मागचा भाग उचलला जातो, अ‍ॅक्सल, चाकं, ब्रेक तेच राहतात. मी कोलोरॅडोतल्या डोंगरातल्या आयझनहॉवर टनेलमधून बाहेर पडून डेन्व्हरच्या बाजूला उतरताना ब्रेकचा वास यायला लागला आणि पेडल खाली जायला लागलं, बायको-मुलं गाडीत. लो गिअरमध्ये रडतखडत रस्त्याच्या कडेला घेतली आणि चाकं थंड होईपर्यंत हलता येईना. तोही असाच कुणीतरी 'आरामात बसतो' म्हणून विकलेला कॅम्पर. म्हणून ही ओळ वाचली की डोकं फिरतं माझं.

सिएरा_भटक्या:
तुमचा ट्रक वेगळा, माझा वेगळा. सगळे हाफ-टन सारखे नसतात. हेवी पेलोड (जास्त वजन पेलणारे) पॅकेजवाले २,५०० पौंडांच्याही वर जातात.

रेनोची_ताई:
तुमचा त्या पॅकेजचा आहे का?

डीलरग्रस्त:
एवढं भांडण्यापेक्षा ट्रकसकट कॅम्पर चढवून वजनकाट्यावर नेता येतो की. ट्रक स्टॉपवर असतात काटे, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वेगवेगळं वजन मिळतं. मी डीलरला तीच पावती तोंडावर दाखवली होती.

मुक्कामपोस्ट_बोल्डर:
ह्या एका बाबतीत डीलरग्रस्त बरोबर. आणि ह्याचा किमतीशी थेट संबंध आहे. तीन-चतुर्थांश किंवा एक टन, म्हणजे हाफ-टनपेक्षा दणकट ट्रकवाला गिऱ्हाईक तुम्हाला शोधायचाय, म्हणजे घेणारे आधीच कमी. आणि त्यांना वजन कळतं, जाहिरात बघूनच ते पुढे जातात.

सिएरा_भटक्या:
ठीक आहे. छताचे फोटो आणि सीलंटच्या पावत्या टाकल्यात खाली. २१,५०० करतो, 'फर्म' काढतो, हाफ-टनची ओळ पण काढली, समाधान झालं? पण १६ चं नाव काढू नका परत.

मुक्कामपोस्ट_बोल्डर:
फोटो बघितले. छत खरंच चांगलं ठेवलंय, मानलं. १९ ला आठवड्यात जाईल, २१ ला सप्टेंबरपर्यंत थांबाल आणि मग सीझन संपेल. तुमची मर्जी.

आय७०_वाला:
ते सगळं राहू द्या. ट्रकच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो टाका भटक्या, तो अजून आलेला नाही.