पंखे बंद, एसी नाही, तरी डिसेंबरचं बिल जास्त कसं?

सिडकोची_सून: नाशिकला राहतो, घरात पाच माणसं. पंखे दिवाळीपासून बंद, एसी नाहीच. तरी ऑक्टोबरला २५० युनिट आणि डिसेंबरला ३१०! संशय गिझरवर (१५ लिटर, २००० वॅट). सासूबाई म्हणतात, चालू-बंद केल्याने जास्त वीज खातो, चालूच राहू दे. नवरा म्हणतो बंद कर. रोज सकाळी दोघांचं ऐकते. खरं काय? आणि ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो का?

निवृत्त_वायरमन: ताई, ७५ वॅटचा पंखा तेरा तास फिरला की एक युनिट होतं. तुमचा गिझर तेवढं अर्ध्या तासात खातो. पंख्यांचं वाचलं ते आंघोळीत गेलं.

नवऱ्याचं बरोबर आहे. चालू ठेवलेल्या गिझरचा दिवा विझतो, पाणी निवतं, तो परत पेटतो. दिवसभर तेच. आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि एकामागोमाग उरका. नऊला उठणारा एक जण प्रत्येक घरात असतो, त्याला आधी उठवा. थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ५०-५५ वर आणा. नाहीतरी तुम्ही त्यात गार पाणी ओतताच.

दराचं म्हणाल तर वरचा दर फक्त शेवटच्या दहा युनिटना. स्थिर आकार मात्र काही केलं तरी सुटत नाही.

निफाडकर: इकडे पारा पाच-सहावर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. घरात अजून बंबच आहे. छाटणीच्या वाळक्या काड्या फुकटच्या. फ्लॅटमध्ये धुराचं काय करणार म्हणा!

पुणे३८: गॅस गिझर घ्या की सरळ. पाणी लगेच तापतं.

निवृत्त_वायरमन: घ्या, पण बाथरूमच्या आत लावू नका. कोंडलेल्या जागी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, कळायच्या आत माणूस आडवा होतो. बाहेर हवेशीर जागा नसेल तर आहे तोच गिझर बरा.

सिडकोची_सून: धन्यवाद काका. आज आंघोळींच्या आधी आणि नंतर मीटर बघितलं, जवळपास तीन युनिट! सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "मीटरच पळतंय, तक्रार कर."