स्पोर्ट्स कार ट्रेलरवर बांधून अमळनेरहून पीथमपूरला न्यायचीय, पट्टे नक्की कुठे लावायचे?

अमळनेर_गाडीवाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी पोर्शे बॉक्सस्टर आहे, 987, मॅन्युअल गिअर, कापडी टप. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला, म्हणजे गाड्यांची चाचणी घ्यायच्या केंद्रात, ओळखीतल्या एका ग्रुपने ट्रॅक घेतलाय आणि मला पण बोलावलंय. तिथला तो 11.3 किलोमीटरचा गोल ट्रॅक 2021 ला सुरू झाला तेव्हापासून मनात होतं की एकदा तरी आपली गाडी तिथे पळवायची. पण गाडी चालवत न्यायची नाही असं ठरवलंय, एकतर टायर ट्रॅकचे आहेत, पावसाचा एक सडाका आला तरी घसरतील, आणि दुसरं म्हणजे ट्रॅकवर क्लच नाहीतर गिअरबॉक्स गेला तर घरापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर अडकून बसायचं. मित्राचा पिकअप आहे, मागे टो बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गोळा, बसवलेला. धुळ्याला एक ट्रॉली बनवणारे आहेत त्यांच्याकडून दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर मिळतोय, ब्रेक आहेत, नंबर पण आहे. आता प्रश्न असा की गाडी बांधायची कुठून? खाली वाकून बघितलं तर सगळीकडे प्लास्टिकचे पत्रे आणि अ‍ॅल्युमिनियमचे आर्म, हुक अडकवायला जागाच दिसत नाही. पुढे चोपडा-शिरपूर करून हायवेला लागायचं, सेंधव्याचा घाट आहेच. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा प्लीज, घाई नाही, पण नीट सांगा.

रावेर_केळी:
भो, टेन्शन नको घेऊ. आम्ही रोज केळीचे ट्रक भरतो, दोरी ताणून बांधली की माल हलत नाही, दिल्लीपर्यंत जातो. गाडी पण तशीच, चारी कोपऱ्यांतून चॅसीला पट्टा टाक आणि रॅचेटने, म्हणजे पट्टा आवळायच्या खटक्याच्या दांड्याने, गाडी खाली बसेपर्यंत आवळ. स्प्रिंग दबली की गाडी उड्या मारत नाही. नायलॉनची दोरी चांगली जाडी घे, ती तुटत नाही.

गिरणाकाठ:
रावेरकर भाऊ, तुमचा अनुभव मोठा आहे पण केळीला स्प्रिंग नसते, गाडीला असते, इथेच फरक पडतो. बॉडी खाली दाबून बांधली की पट्ट्याचा सगळा ताण स्प्रिंगच्या दाबावर उभा राहतो, मग ट्रेलर खड्ड्यात आदळला की गाडी अजून अर्धा-एक इंच खाली जाते, त्या क्षणाला पट्टा सैल पडतो आणि हुक रिंगमधून सुटून बाहेर येतो, परत गाडी वर येते तेव्हा तिथे पट्टाच नसतो. शिवाय नायलॉन ताणलं की लांबतं. म्हणून पॉलिएस्टरचा पट्टा, 50 मिलिमीटर रुंद, आणि दोरी अजिबात नाही.

अमळनेरकर, तुम्ही चाकं बांधा. टायरच्या वरून जाणारा पट्टा मिळतो, त्याला मध्ये रबराचे तीन-चार ठोकळे असतात जे टायरच्या नक्षीत बसतात म्हणजे पट्टा बाजूला सरकत नाही. एक टोक चाकाच्या पुढे डेकच्या, म्हणजे गाडी उभी राहते त्या ट्रेलरच्या तळाच्या, रिंगला, दुसरं मागे रॅचेटला. चारही चाकांना असंच. मग चाक डेकला घट्ट धरलेलं राहतं आणि वरची बॉडी स्वतःच्या स्प्रिंगवर मजेत हलत राहते, पट्ट्याचा ताण बदलत नाही. तुमच्या गाडीला तर हाच मार्ग आहे कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे आर्म ओढायला बनवलेलेच नसतात. आर्म, स्टॅबिलायझर बार, टाय रॉड, ड्राइव्ह शाफ्ट, यातल्या कशालाही हुक लावायचा नाही, ब्रेकच्या पाइपच्या जवळ तर पट्टा फिरकू पण द्यायचा नाही. अलॉयच्या आऱ्यांतून पट्टा ओवणारे पण बघितलेत, तसं करू नका, कडेला घासून पट्टा कापला जातो आणि रिमवर चरे पडतात ते वेगळे.

पट्टा घेताना लेबल वाचा. मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बऱ्याचदा तुटायचा आकडा असतो, कामाचा भार त्याच्या निम्मा नाहीतर तिसरा हिस्सा असतो. हिशोब असा करा की जोरात ब्रेक मारला तर माल पुढे जायचा जोर त्याच्या वजनाच्या 0.8 पट धरतात, वळणावर बाजूला आणि मागे 0.5 पट. तुमची गाडी साधारण 1,300 किलो, म्हणजे पुढे 1,040 किलोचा ओढा आणि बाजूला 650. पट्टा तिरका असला की त्याची ताकद त्या दिशेला पूर्ण लागत नाही, म्हणून जास्तीची ठेवायची. लेबल फाटलेला किंवा उन्हाने पांढरा पडलेला पट्टा फुकट मिळाला तरी घेऊ नका, आपल्याकडे मे महिन्यात 45 च्या वर पारा जातो, त्या उन्हात पडून राहिलेला पट्टा हाताला कडक लागतो आणि वाकवला की भुसा निघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रेलरच्या रिंगा बघा. नुसत्या पत्र्यावर वेल्ड केलेल्या असतील तर त्या पट्ट्याच्या आधी सुटतील. खालून चॅनलला, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याच्या लोखंडाला, आरपार बोल्ट असला पाहिजे, ट्रॉलीवाल्यांना सांगून तेवढं करून घ्या, काम अर्ध्या दिवसाचं आहे.

अमळनेर_गाडीवाला:
गिरणाकाठ दादा, खूप धन्यवाद, चाकाचे पट्टे ऑर्डर करतो. मग टो हुक कशाला असतो? पुढच्या बंपरची टिकली काढून आत आटे दिसतात, टूलकिटमध्ये हुक पण आहे. दुसरं, गाडी चढवायची ट्रेलरची फळी दीड मीटरची आहे आणि डेक जमिनीपासून 55 सेंटिमीटर वर, नाक घासणार हे नक्की दिसतंय.

गिरणाकाठ:
टो हुक गाडी विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या चरकाने, सरळ वर ओढायला. तिरका ओढला की वाकतो, त्यावर गाडीचा पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, फार तर पुढून एक जास्तीचा पट्टा सरळ रेषेत लावा, पाचवा म्हणून. बसवताना बघा, बऱ्याच जर्मन गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, जोर लावून नेहमीसारखा फिरवला तर आटे खराब होतील. शेवटपर्यंत बसला की मगच ओढा.

फळीचं गणित सोपं आहे. 55 सेंटिमीटर चढायला दीड मीटर फळी म्हणजे 21 अंशांच्या वर चढ, त्यावर कुठलीच स्पोर्ट्स कार जात नाही. फळी 3 मीटरची केली तर साडेदहा अंश, साडेचार मीटरला 7 अंश. म्हणून पुढे अजून सागवानी नाहीतर जाड फळ्या जोडून चढ लांबवायचा, आणि खाली मध्यभागी ठोकळे द्यायचे म्हणजे फळी लवणार नाही. अजून एक युक्ती, ट्रेलरची चाकं खोलगट जागी आणि शेपूट चढाकडे अशा ठिकाणी लावायचा, शेताच्या बांधाजवळ अशी जागा सहज सापडते, डेक आणि जमिनीतला फरक आपोआप कमी होतो. नाक वर गेल्यावर पोटाकडे लक्ष ठेवा, फळी संपून डेक सुरू होतो त्या काठावर मधलं पोट टेकतं. एकाने बाजूला बसून पोट बघायचं, एकाने विंच, एकाने स्टिअरिंग. मागे कोणी उभं राहायचं नाही, अगदी कोणीच नाही. आणि ट्रेलर पिकअपला जोडल्याशिवाय गाडी चढवायची नाही, शेपटावर वजन आलं की ट्रेलरचं तोंड वर उचललं जातं.

रावेर_केळी:
गिरणाकाठ भाऊ, चाकाचं पटलं भो, आपण दोरीवाले माणसं. पण वजनाचं मी सांगतो, ते आमचं रोजचं काम शे. गाडी ट्रेलरवर किती पुढे घ्यायची ते डोळ्याने ठरवू नको, काट्यावर जा. जिनिंगच्या बाहेर नाहीतर मार्केट यार्डात धरमकाटा असतो. आधी पिकअप रिकामा घे. मग ट्रेलर जोडून, गाडी चढवून, पिकअपची चारी चाकं काट्यावर आणि ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर जमिनीवर, अशी उभी कर. जो फरक येईल तेवढं वजन बॉलवर आहे. गाडी 1,300 आणि ट्रेलर 700 धरला तर 2,000 झाले, त्याच्या दहा ते पंधरा टक्के बॉलवर पाहिजे, म्हणजे 200 ते 300 किलो. तुझ्या बॉलवर आणि पिकअपच्या पुस्तकात किती लिहिलंय ते पण बघजो, तेवढ्याच्या आत राहायचं. कमी असलं तर गाडी पुढे सरकव. समज ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपासून बॉल 4 मीटर असेल तर गाडी 10 सेंटिमीटर पुढे घेतली की बॉलवर 32 किलो वाढतात. तुझ्या गाडीचं इंजिन मागे आहे ना, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त वजन मागच्या चाकांवर, त्यामुळे दिसायला गाडी मधोमध असली तरी वजन शेपटाकडेच असतं. बरोबर जागा सापडली की डेकवर रंगाने खूण करून ठेव, येताना संध्याकाळी अंधारात परत काटा कुठे शोधशील.

शिरपूर_आग्रारोड:
वरच्यांनी बांधायचं छान सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो, कारण आम्ही याच हायवेला वाढलो. बॉलवर वजन का पाहिजे तर ट्रेलर डोलू नये म्हणून. शेपूट जड झालं की मोठा ट्रक शेजारून गेला त्याच्या वाऱ्याने ट्रेलर डावी-उजवीकडे हलायला लागतो, आधी थोडं, मग प्रत्येक हेलकाव्याला वाढत जातं आणि पिकअपलाच ओढून नेतं. तसं झालं तर पिकअपचा ब्रेक जोरात मारायचा नाही, स्टिअरिंगने उलटसुलट ओढून सरळ करायला जायचं नाही आणि ताण काढायला स्पीड तर वाढवायचाच नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, स्पीड पडू द्यायचा. आणि मग थांबून वजन बदलायचं, तसंच पुढे जायचं नाही. 60 ते 70 च्या वर जाऊच नका. तुम्ही चोपड्याहून येताय म्हणजे हायवेवरचा तापीचा सावळद्याचा पूल लागणार नाही, पण अमळनेर-चोपड्याच्या मध्ये तापीचा पूल आहेच, पुलावर उघडा वारा आडवा लागतो, तिथे 50 पुरे.

जाताना चढ आहे, त्याची काळजी इंजिन करेल. खरी भीती येतानाची. मानपूरकडून उतरताना आधी गणपती घाट, मग सेंधवा सोडलं की बिजासन, आणि दोन्ही तुम्हाला उतार, मागे दोन टन. 2023 च्या जुलैमध्ये पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला, कितीतरी माणसं गेली, आमच्या तालुक्यातलं ते दुःख आहे, म्हणून हात जोडून सांगतो. उतार सुरू व्हायच्या आधी, वरच, गिअर खाली घ्या, दुसरा नाहीतर तिसरा, आणि इंजिनवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, मारायचा तेव्हा नीट मारायचा, स्पीड पाडायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. मागे ट्रकवाल्यांनी कितीही हॉर्न दिला तरी डावी लेन सोडू नका.

ट्रेलरचे ब्रेक आहेत म्हणालात, ते कसले आहेत विचारा. पिकअप हळू झाला की ट्रेलर पुढे ढकलला जाऊन आपोआप लागणारे असतील तर कपलिंगचा, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या जोडाचा, दांडा आत-बाहेर मोकळा सरकतो का, ग्रीस आहे का ते बघा. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी बारीक केबल असते ती पिकअपच्या बॉडीला वेगळी अडकवा, सेफ्टी चेनला नाही. दोन चेन, कपलिंगच्या खालून एकमेकांना छेदून, म्हणजे बॉल सुटला तरी ट्रेलरचं तोंड चेनच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. निघताना इंडिकेटर, ब्रेक लाईट कोणाला तरी मागे उभं करून तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ट्रॉलीवाले जुने टायर टाकतात हे मी स्वतः बघितलंय. घरून निघून दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे परत आवळा, टायर आणि डेक जागेवर बसले की पट्टे थोडे ढिले होतातच, मग प्रत्येक चहाला. तेव्हाच हब जवळ हाताचा पंजा न्या, एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं वाटलं तर बेअरिंग नाहीतर ब्रेक धरलाय.

गिरणाकाठ:
शिरपूरकरांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. दोन गोष्टी राहिल्या. पट्ट्याचा जो भाग हवेत मोकळा असतो त्याला अर्धा पीळ द्या, म्हणजे फडफडत नाही, फडफडून तो स्वतःच झिजतो. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, चाकात गेलं तर संपलं. आणि कव्हर घालू नका, वाऱ्याने कव्हर रंगावर घासतं आणि पॉलिश पेपर मारल्यासारखा रंग जातो. गाडी तोंड पुढे करूनच चढवा, उलटी चढवली तर वारा काचेच्या वरच्या काठातून कापडी टपाखाली शिरतो. चारी पट्टे लावून झाल्यावर पहिला गिअर, हँडब्रेक, चाकांच्या पुढे-मागे लाकडी गुटके. अलार्मला तिरकं झाल्यावर वाजणारा सेन्सर असेल तर तो बंद करा, नाहीतर घाटात गाडी बोंबलत राहील आणि बॅटरी उतरेल.

चाळीसगाव_पॉलिसीवाला:
विम्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या खाजगी कारच्या पॅकेज पॉलिसीत गाडीचं स्वतःचं नुकसान रस्ता, रेल्वे, जलमार्गाने नेताना झालं तरी कव्हर असतं, शब्द पॉलिसीत लिहिलेले आहेत, काढून वाचा. नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. पण त्याच पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर झालेलं नुकसान तुमच्या खिशातून. चढवायच्या आधी आणि उतरवल्यावर चारी बाजूंनी फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, म्हणजे ओरखडा रस्त्यात पडला की ट्रॅकवर यावर वाद होणार नाही. ट्रेलरचं आरसी आणि विमा वेगळा, त्याची प्रत पिकअपमध्ये ठेवा, रस्त्यात तपासणी झाली तर लागते. शेतीच्या नावावर पास झालेली ट्रॉली असेल तर तिच्यावर कार नेऊ नका, अपघात झाला तर क्लेमला तिथेच अडेल.

अमळनेर_गाडीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज धुळ्याला जाऊन ट्रेलरखाली झोपून बघितलं, रिंगा पत्र्यावरच वेल्ड आहेत, चॅनलला बोल्ट करून द्यायला ट्रॉलीवाले तयार झाले. आरसी बघितलं, शेतीचं नाही. दोन टायर मात्र 2016 चे निघाले, ते बदलल्याशिवाय नेणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. फळ्या साडेचार मीटर होतील एवढ्या जमवतोय. रावेरकर दादा, अमळनेरला मार्केट यार्डाच्या काट्यावर बोलणं झालंय, सकाळी गर्दीच्या आधी या म्हणाले.

रावेर_केळी:
बढिया भो. काट्यावर पिकअपची टाकी फुल करून जाजो, आणि मित्र जेवढे सोबत येतील तेवढे दोन्ही वेळा आत बसव, नाहीतर वजनात त्यांचाच फरक येईल.