कॅपाडोशियातील ‘तुर्की रात्र’: सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत असावी की नसावी?

गोष्टीवेल्हाळ (धागाकर्ती):
तुर्कस्तानच्या गटसहलीत कॅपाडोशियाच्या मुक्कामी एक संध्याकाळ बहुधा ‘तुर्की रात्री’साठी राखून ठेवलेली असते. डोंगर पोखरून केलेल्या उपाहारगृहात मधोमध गोल मोकळी जागा, भोवती गटागटांची लांब मेजे, जेवण आणि जेवताजेवता नृत्यांचा कार्यक्रम असे तिचे स्वरूप असते. तिच्याविषयी जाणकारांचा ठरलेला शेरा म्हणजे ‘ते सगळे पर्यटकांसाठी असते, त्यात अस्सल काही नाही’. हा शेरा मला मान्य नाही. बसमधून आठवडाभरात देश पाहणाऱ्याला एजियन किनाऱ्याकडचा झेयबेक आणि काळ्या समुद्राकडचा होरोन एरवी कुठे दिसणार? झेयबेकमध्ये नर्तक दोन्ही हात ससाण्याच्या पंखांसारखे पसरून इतक्या संथपणे गुडघा जमिनीला टेकवतो की पाहणाऱ्याचाच तोल जाईल असे वाटते. होरोनमध्ये त्याच्या अगदी उलट, खांद्याला खांदा लावून उभी असलेली रांग थरथरत राहते. शेवटी हालाय या फेर धरून करायच्या नाचासाठी प्रेक्षकांना उठवतात. आमच्या गटातील, एरवी बसमध्ये एकमेकींशी जेमतेम बोलणाऱ्या काकू आणि मावशी त्या रात्री करंगळीत करंगळी अडकवून ढोल आणि झुर्नाच्या तालावर फेर धरत होत्या. झुर्ना म्हणजे आपल्या सनईचेच भावंड, त्यामुळे पाय आपोआप हलतात. यात कमीपणा कसला?

पायवाट:
कमीपणा नाही, पण किंमत आहे, आणि मी केवळ पैशांविषयी बोलत नाही. कॅपाडोशियात लोक मुख्यतः गरम हवेच्या फुग्यांसाठी जातात आणि त्यासाठी पहाटे अंधारात निघावे लागते. आदल्या रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकून, पेंगुळल्या डोळ्यांनी सूर्योदय पाहण्यात काय हशील? शिवाय आपण झेयबेकचे कौतुक केलेत, पण निवेदक आणि प्रकाशझोत ज्या नृत्यांगनेसाठी तयार असतात, ती असते बेली डान्स करणारी. ती प्रेक्षकांतील दोन-चार पुरुषांना मध्ये ओढते, त्यांना शर्ट वर करून पोट हलवायला लावते आणि त्यांच्याच बायका मोबाईलवर चित्रण करत हसतात. मला हा विनोद ओंगळ वाटतो. त्यापेक्षा तिथल्याच अवानोस गावी किझिलिर्माक नदीकाठी चहा घेत बसावे आणि कुंभाराच्या चाकावर लाल मातीला आकार येताना पाहावा. ती मातीही तिथलीच आणि तो हातही तिथलाच.

मांडवीकाठ:
पणजीत राहत असल्यामुळे हा प्रकार मी दुसऱ्या बाजूने पाहतो. मांडवीवरील पर्यटक बोटींवर तासाभरात फुगडी, देखणी आणि पोर्तुगीज कोरिदिन्यो हे नाच उरकले जातात व मधल्या वेळात ‘आता फक्त जोडप्यांनी मंचावर यावे’ अशी पुकार होते. त्या तासाभराला कोणी गोवा समजू नये, हे खरे. परंतु फुगडी घालणारी मुलगी बोटीवर खोटी आणि गणपतीपुढे खरी, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? नाचणारी तीच आणि पावलेही तीच. मला खटकते ते एवढेच की नाच सुरू असताना निवेदक बडबडत राहतो आणि कोणता नाच कोठला हे मात्र सांगत नाही.

नेयप्रेमी:
सर्व नृत्यांना एकाच मापाने मोजू नये. तुर्की रात्रीच्या अनेक कार्यक्रमांत गिरक्या घेणारे दरवेश, म्हणजे सूफी साधकही दाखवतात, आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरताच, पण ठाम आहे. त्यांच्या या गिरक्या म्हणजे समा, आणि समा ही सूफी संतकवी रूमींना मानणाऱ्या मेवलेवी पंथाची उपासना आहे. डोक्यावरची उंच टोपी हे थडग्यावरील शिळेचे आणि पांढरा घेरदार झगा हे कफनाचे प्रतीक मानले जाते. गिरकी घेताना उजवा तळहात आकाशाकडे आणि डावा जमिनीकडे असतो. हे सर्व चालू असताना वेटर कबाबचे मातीचे मडके फोडून दाखवतो आणि शेजारच्या मेजावर राकी या मद्याचे पेले भरले जातात. आपल्याकडे वारीतील रिंगण कोणी हॉटेलमध्ये सूप आणि मुख्य जेवण यांच्यामध्ये दाखवले, तर आपण काय म्हणू?

जुना वाटसरू:
आपल्याकडे गोंधळ कधीच मंचावर आला आहे आणि त्याला तिकीटही असते. तेव्हा कोणी गाव डोक्यावर घेतले नाही. आणि समाचा इतिहासही सोयीस्कर नाही. १९२५ साली तुर्की प्रजासत्ताकाने दरवेशांचे मठ कायद्याने बंद केले. १९५०च्या दशकात कोन्या या शहरात, जिथे रूमींची समाधी आहे, समा पुन्हा सार्वजनिकरीत्या दिसू लागला, तो उपासना म्हणून नव्हे तर सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून, म्हणजेच प्रेक्षकांच्या आधाराने. युनेस्कोच्या यादीत त्याचे नाव २००८ साली आले, ते त्यानंतर. बालीतील केचक या नृत्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जुन्या सांघ्यांग विधीतील पुरुषांच्या समूहगानाला रामायणाची कथा जोडून, १९३०च्या दशकात वाल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराच्या सहभागाने, परदेशी पाहुण्यांसमोर दाखवण्यासाठी त्याला आजचे रूप आले. आज त्याला कोणी नकली म्हणत नाही. पर्यटक आला की कला मरते, हे गृहीतक तपासून घ्यायला हवे.

नेयप्रेमी:
माझा आक्षेप प्रेक्षकांना नाही, ताटाला आहे. रूमींच्या पुण्यतिथीला, १७ डिसेंबरला, कोन्यात शेवटचा समा होतो तेव्हा हजारो लोक पाहायला असतात, पण कोणी जेवत नसते. कॅपाडोशियातही अवानोसजवळच्या सारुहान या १२४९ सालच्या सराईत समा स्वतंत्रपणे होत आला आहे. तिथे नेय ही बासरी ऐकू येते, कारण ताटवाट्यांचा आवाज नसतो.

पायवाट:
मग सहल कंपन्या तिथे का नेत नाहीत? कारण उघड आहे. तिथे जेवण नाही, आणि रात्रीचे जेवण तर पत्रिकेत दाखवावेच लागते. तुर्की रात्रीत एका तिकिटात दोन्ही उरकते.

गोष्टीवेल्हाळ:
हे कारण पटते. समा वेगळा काढावा यालाही माझी हरकत नाही, किंबहुना पुढच्या गटाने नोंदणी करतानाच तशी मागणी करावी. पण त्यासाठी हालायवर काट मारू नये. आणि पायवाट, पोट हलवायला उठवलेल्या त्या गृहस्थांना ‘नको’ म्हणता येते. आमच्या गटातील एका आजोबांनी हात जोडून नकार दिला, नर्तकीने हसून मान लवविली आणि ती पुढच्या मेजाकडे वळली.

पायवाट:
आजोबांना जमले. माझ्या मेव्हण्याला जमले नाही, आणि ते चित्रण अजून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आहे.