लॅपटॉपसाठी कूलिंग पॅड घ्यायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अकोल्यात राहतो, घरूनच इंटिरियरची कामं करतो. स्केचअपमध्ये मॉडेल आणि व्ही-रेमध्ये रेंडर (मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढणं), दिवसभर हेच. लॅपटॉप साडेतीन वर्षांचा, १५.६ इंची, आय५-११४००एच प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. हिवाळ्यात शहाण्यासारखा वागतो. एप्रिल लागला की त्याच्या अंगात येतं.

परवा एका किचनचं रेंडर लावलं. एरवी चाळीस मिनिटांत होतं, तिथे दीड तास झाला तरी ओट्यावरच्या टाइल्स दाणेदारच. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) उघडलं तर प्रोसेसर ९८ अंशांवर आणि वेग ४ गीगाहर्ट्झवरून २ च्या आसपास आलेला. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हतं. बाहेर ४४, आत कूलर लावून ३५-३६. वरचा मजला आहे, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो.

म्हणून लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा पॅड घ्यायचं ठरवलं, पण ऑनलाइन पाहिलं तर डोकं गरगरलं. कुणात पाच-सहा छोटे पंखे आणि निळे दिवे, कुणात एकच परातीएवढा पंखा. तिसरा प्रकार फोमची कड असलेला, लॅपटॉपच्या पोटाला चिकटून हवा आत कोंबणारा, पण त्याची किंमत माझ्या बजेटच्या दीडपट. बजेट फार तर दोन हजार. पंखे जास्त असले की जास्त थंड होतो का? कुणी वापरलाय का? 'नवीन लॅपटॉप घे' एवढं सोडून काहीही सांगा, मुलीची फी नुकतीच भरली आहे.

— ताटी_आणि_पंप

स्क्रू_पाना: भाऊ, खरेदीआधी लॅपटॉप पालथा करा आणि हवा आत घेणारी जाळी कुठे आहे ते बघा. पॅडचा पंखा बरोबर त्या जाळीखाली आला तरच उपयोग. नाहीतर तो नुसतं प्लास्टिक गार करत बसतो. पाच पंख्यांतले तीन बहुतेक वेळा कोऱ्या पत्र्यावरच वारा घालतात. पंखे मोजू नका, जागा बघा. आणि पॅड म्हणजे एसी नव्हे. खोलीत ३६ असेल तर ३६ चीच हवा मिळणार, फक्त जास्त मिळणार.

दुसरं, साडेतीन वर्षांत एकदा तरी उघडून साफ केलाय का?

ताटी_आणि_पंप: नाही हो दादा. स्क्रू पाहूनच धीर सुटतो. जाळी मागच्या अर्ध्या भागात आहे, आतले दोन्ही पंखे दिसतात. मधे पट्टी, तिथे काही नाही.

स्क्रू_पाना: मग पॅड नंतर, आधी सफाई. पंख्याची हवा तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांमधून बाहेर पडते. पंखा आणि पात्यांच्या मधे धुळीचा थर बसतो, तो बाहेरून दिसत नाही. असं असताना खालून कितीही वारा घाला, बाहेर जायला वाटच नसते. सोबत थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता त्या नळीकडे पोचवणारा लेप) बदलून घ्या, एवढ्या वर्षांत ती खडूसारखी झाली असेल. घरी ब्लोअर मारणार असाल तर पंख्याची पाती काडीने अडवून धरा, गरागरा फिरू देऊ नका.

उन्हाची_चटक: नागपूरकर इथे. फुकटातला उपाय सांगते. बाटलीची चार झाकणं घ्या आणि मागच्या दोन पायांखाली दोन-दोन ठेवा. लॅपटॉप मागून उचलला गेला की जाळीला श्वास घेता येतो. माझा तेवढ्यानेच बऱ्यापैकी शांत झाला. गादीवर, उशीवर ठेवत असाल तर मात्र काही बोलू नका, चूक तुमचीच! कूलरचा वारा टेबलापर्यंत येऊ द्या, तो खोलीतल्या हवेपेक्षा गार असतो. फक्त तोंडासमोर ठेवू नका, ताटीचे तुषार उडतात.

रात्रपाळी_पुणे: फोमवाला मी वापरते. तापमान खरंच उतरतं, पण आवाज मिक्सरसारखा. शेजारच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, एवढ्या रात्री चटणी कशाची वाटतेस? त्याला वेगळा अडॅप्टरही लागतो. यूएसबी २ चं पोर्ट नियमाप्रमाणे अडीच वॅट देतं, ३ चं साडेचार. तेवढ्यात असला ब्लोअर हलत नाही. क्लायंटचे फोन घेत काम करत असाल तर एक मोठा संथ पंखा बरा, उदाहरणार्थ कूलर मास्टरच्या नोटपॅल एक्स-स्लिमसारखा. त्यात १६० मिमीचा एकच पंखा आहे.

बिनकामाचा_गडी: विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ करून बघा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. रेंडर जरा हळू होईल, पण लॅपटॉप एकदम थंड राहील. ईमेल, बिलं, ड्रॉइंग बघणं एवढ्यासाठी मी तसाच ठेवतो.

ताटी_आणि_पंप: धागा वर काढतोय, कारण निकाल सांगायचा राहिला. सफाईला गावातल्या एका दुकानात नेला आणि समोर बसून उघडून घेतला. पात्यांवरून त्याने चिमट्याने जे सोललं ते धूळ नव्हतीच, राखाडी नमदा होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा अखंड तुकडा. त्यात मुलीचा एक लांब केस. पेस्टसकट सातशे रुपये झाले.

घरी येऊन तेच किचन पुन्हा लावलं. ९८ चे ८९ झाले. झाकणं ठेवली, ८६. मग एका पंख्याचा पॅड मागवला (साडेतेराशे), त्यावर ८२-८३. रेंडर बेचाळीस मिनिटांत. म्हणजे पॅडने तीन-चार अंश दिले, झाकणांनी तीन, बाकी सगळं त्या नमद्याने अडवून धरलं होतं. पॅड परत नाही करणार, दुपारी दोन ते पाच तेवढे तीन-चार अंशही कामाचे आहेत. शिवाय स्क्रीन वर आल्याने मान दुखायची थांबली, याचा विचारच केला नव्हता.

मधे पट्टी असल्याने पॅडवर लॅपटॉप दोन बोटं पुढे सरकवावा लागतो, तरच पंखा जाळीखाली येतो. पॅडची खालची पकड लॅपटॉपला पुढे येऊ देत नव्हती, ती उपटून टाकली.

एकच शंका. आठवड्यातच पॅडची जाळी पांढरी झाली आहे. जुन्या टूथब्रशने घासली तर चालेल?

स्क्रू_पाना: चालेल. आधी वायर काढा. आणि ब्रश ओला नको.