आसरा, आडोसा, थारा: नेमका फरक काय?

सातारा: मुलीला शाळेतून ‘माझी सुरक्षित जागा’ यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्यात. तिनं ‘सुरक्षित अवकाश’ असं लिहिलंय. मला ते अंतराळयानातलं वाटतं. मी ‘आसरा’ सुचवला, तर आई म्हणाली, “आडोसा म्हण की.” दोन्ही एकच का?

कऱ्हाड: एक नाहीत. आसरा दुसरा देतो. 1943 नंतर प्रतिसरकारच्या भूमिगतांना आपल्याकडच्या घरांनी, वस्त्यांनी दिला, तो आसरा. आडोसा आपला आपण करायचा. रानात वारं लागू नये म्हणून चार पेंढ्या उभ्या केल्या, न्हाणीला जुनं लुगडं बांधलं, झाला आडोसा. मूळ शब्द आड. म्हणजे भिंत भक्कम नसली तरी चालते, पलीकडचं दिसलं नाही की झालं.

शिवाय खेड्यात आसरा म्हटलं की आधी साती आसरा आठवतात. विहिरीवरचे शेंदूर लावलेले सात दगड. तो शब्द अप्सरांवरून आलाय, आश्रयावरून नाही. “भर दुपारचं हिरीवर जाऊ नगंस, आसरा धरत्यात,” हे ऐकत मोठं झालेल्याला या शब्दात सुरक्षित वगैरे काही वाटत नाही!

वाई: वळचण कुणीच कसं घेतलं नाही? पावसात कुणाच्याही वळचणीला उभं राहा, घरमालक हटकत नाही. पेपरवाल्यांनी ‘सत्तेच्या वळचणीला’ लिहून लिहून चांगला शब्द नासवला.

थारा मात्र या कामाचा नाही. तो बहुधा नकारातच येतो: मनाला थारा नाही, कुठं थारा मिळेना.

सांगली: 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही एका शाळेत होतो. कागदोपत्री ते ‘निवारा केंद्र’. नाव बरोबरच होतं, डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण. पण एका वर्गात आठ कुटुंबं. सासूबाई दिवसाढवळ्या भिंतीकडं तोंड करून, पदर डोळ्यांवर ओढून पडायच्या. मला वाटायचं झोपल्यात. चौथ्या दिवशी कळलं, जाग्याच असायच्या. निवारा मिळाला होता, आडोसा त्यांनी पदराचा केला होता. माझं मत आडोशाला.

सातारा: मुलीनं अवकाश खोडून आडोसा लिहिलं. तुझा कुठाय विचारलं, तर सांगत नाही. जिन्याखालची सायकल मात्र दोन दिवस झाले हातभर पुढं सरकलेली दिसतीय.